जगन नाखवा आणि शिकाऊ बोर्ड

‘बटणाला कोणी हात लावलेला नाही, हे बटणाने कशावरून ओळखायचं?’ हा प्रश्न जगन नाखवा यांनी मला २०११ सालच्या ऑगस्ट महिन्यात, आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत, एका बिघडलेल्या वजनकाट्याचे स्क्रू टेबलावर ओळीने मांडता मांडता विचारला. मी समाजशास्त्र शिकवतो आणि त्या दिवशी केवळ चहाच्या निमित्ताने तिथे गेलो होतो. हात लागल्याचं ओळखणं हाच काय तो कठीण भाग असावा, असं काहीतरी मी बोलून गेलो. नाखवांनी मान हलवली. “लागलेला हात ओळखणं सोप्पं हाय, सर. न लागलेला ओळखायचा, तिथं सगलं अडतं.”

पुढच्या चार महिन्यांत त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी झालेल्या बोलण्यातून जे समजलं, ते इथे एकत्र मांडतो आहे.

जगन नाखवा यांचा जन्म उरणजवळच्या करंजा गावी १९६२ साली झाला. वडील आणि दोघे थोरले भाऊ दर्यावर जाणारे. जगन यांना मात्र होडी लागे. किनारा दिसेनासा होण्याच्या आतच ते होडीतल्या जाळ्यांच्या ढिगावर आडवे होत, आणि वडील म्हणत की या पोराला नेलं तर जाळ्यात येणाऱ्यापेक्षा पाण्यात जाणारंच जास्त. अखेर पनवेलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. काही वर्षं टीव्ही दुरुस्त केले आणि १९९४ पासून पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे जोडणाऱ्या छोट्या कारखान्यात ते नोकरीला लागले. मालक कृष्णकांत वर्तक. बारा-पंधरा माणसं. दुरुस्तीचं टेबल नाखवांचं.

दर्या त्यांच्या आयुष्यातून तरीही गेला नाही, कारण पत्नी गंगाबाई पनवेलच्या मासळी बाजारात विक्रीला बसत. सुकापूरच्या दोन खोल्यांतून दोघांचा दिवस दोन दिशांना सुरू होई: त्या पहाटे बाजारात, ते नऊला गाळ्यावर. नाखवांनी स्वतः जोडलेला पहिला काटा २००३ साली गंगाबाईंच्या पाटीशेजारी ठेवला गेला, तेव्हा आजूबाजूच्या बायका आपलं गिऱ्हाईक सोडून तो पाहायला आल्या होत्या.

या काट्याचा एक भाग पहिल्यापासून कमकुवत होता. त्याची बटणं म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याखाली दडलेल्या पत्र्याच्या टिकल्या. मिठाई विकणाऱ्याकडे तो पापुद्रा पाच वर्षं टिके. मासळी बाजारात त्यावर खारं पाणी पडे, खवले चिकटत, घाईत कोयत्याचं टोक लागे, आणि चार-सहा महिन्यांत पाणी आत शिरे. सगळ्यात आधी मरे ते शून्याचं बटण, कारण प्रत्येक विक्रीला तेच दाबावं लागतं. रिकामी ताटली काट्यावर ठेवायची, शून्य दाबायचं, मग ताटलीत मासळी घालायची. शून्य लागलं नाही, तर ताटलीचं वजनही मासळीच्या भावात जातं.

२०१० सालच्या मे महिन्यात नेमकं तेच झालं. काशिराम मास्तर हे नवीन पनवेलला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक गंगाबाईंचं कायमचं गिऱ्हाईक. गंगाबाईंनी शून्य दाबलं, बटण लागलं नाही, आणि बोलण्याच्या नादात त्यांनी आकडा न पाहताच कोलंबी ओतली. मास्तरांनी ती पलीकडच्या दुकानात पुन्हा मोजली आणि पिशवी घेऊन परत आले.

“गंगाबाई, ताटलीपण विकायला काढलीत काय?”

भोवतालची माणसं हसली. मास्तरांच्या बाजूने तो विनोद होता. गंगाबाईंच्या बाजूने तसा तो नव्हता. त्यांनी मूठभर कोलंबी वर घातली, काटा पाटीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवसापासून सासूच्या वेळची तागडी बाहेर काढली. घरी त्या एवढंच बोलल्या, “अठ्ठावीस वर्सं बसते त्या जाग्यावर. चोर कोनी म्हनला नवता मना. तुमच्या काट्यानं म्हनवला.”

त्यानंतर वर्षभर त्या घरात काट्याचा विषय निघाला नाही. मास्तर येतच राहिले. गंगाबाई त्यांना तागडीने मोजून देत, पारडं मुद्दाम त्यांच्या बाजूला झुकवून. नाखवा मला म्हणाले, ते झुकलेलं पारडं त्यांना सगळ्यात जास्त लागे.

या पार्श्वभूमीवर कारखान्यात तो बोर्ड आला.

ऋचा ही कारखान्यातली एकमेव अभियंता. वय सव्वीस, राहणार नवीन पनवेल. स्पर्शाने चालणारी बटणं काट्यांना बसवता येतील का, हे पाहण्यासाठी तिने परदेशी कंपनीचा एक चाचणीचा बोर्ड मागवला होता. हिरव्या पट्टीवर तांब्याच्या आठ चकत्या, मध्ये एक चिप आणि संगणकाला जोडायची वायर. दाबायचं काहीच नाही. वर ॲक्रिलिकचा अखंड तुकडा चिकटवायचा. बोट त्या तुकड्यावर टेकलं की खालच्या चकतीची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता, किंचित वाढते, चिप ती वाढ आकड्यात मोजते, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ‘बटण दाबलं’ असं धरते. पापुद्रा नाही, फट नाही. पाणी शिरणार तरी कुठून? इव्हॅल्युएशन बोर्ड हे त्याचं कागदोपत्री नाव. नाखवांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हटलं, “म्हंजे हा अजून काय करत नाय. शिकतो. शिकाऊ हाय.” तेव्हापासून कारखान्यात त्याला शिकाऊ बोर्ड म्हणू लागले.

मालकांचा विचार हा बोर्ड मिठाईच्या दुकानांसाठी वापरायचा होता. नाखवा त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“साहेब, मिठाईवाल्यांची बटणं मरतच नायत. ज्यांची मरतात त्यांच्यासाठी करू.”

“जगन, ओल्या हाताने टच चालत नाही. माझा फोन बघ, पाण्याचा थेंब पडला की वेड्यासारखा करतो.”

“तो फोन हाय. त्याला कोनी कोलंबी दाखवली नाय.”

ऋचा हसली आणि तिथेच ठरलं. प्रमाणपत्रांच्या कामात ती अडकलेली होती. बोर्ड बसवणं आणि त्याचे आकडे जुळवणं नाखवांकडे आलं. बोर्ड तयार झाला की बाजारात चाचणी, आणि ती जमली तरच बटणांच्या पॅनेलच्या छपाईचं काम द्यायचं, ही मालकांची अट होती.

नाखवांची काम करण्याची रीत मी दोनदा गाळ्यावर जाऊन पाहिली. आधी ॲक्रिलिक. चिकटपट्टीत हवेचा बुडबुडा राहिला की त्याखालचं बटण बहिरं होतं, म्हणून ते जुन्या टेलिफोन कार्डाच्या कडेने हवा मधून बाहेर रेटत. आमची बायको पापलेटचं पोट साफ करते तसं, असं त्यांचं वर्णन. मग आकडे. संगणकाच्या पडद्यावर आठ बटणांचे आठ आकडे सतत थरथरत असत. कोणी हात लावलेला नसताना जो आकडा दिसे, त्याला ते ‘मोकळा आकडा’ म्हणत. बोर्ड चालू झाल्याक्षणी प्रत्येक बटणाचा मोकळा आकडा स्वतःच टिपून ठेवतो आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच्यापासून मोजतो. शून्याच्या बटणाचा मोकळा आकडा होता पाचशे सत्तर. सुकं बोट टेकलं की त्यात अडतीसची भर पडे.

मग ओल. करंजाहून पुतण्याने खाडीच्या पाण्याची बाटली पाठवली होती. कोलंबी धुतलेलं पाणी, बर्फाचं पाणी, खोबरेल तेल, बांगड्याचे खवले यांच्या नावाने वहीत वेगवेगळी पानं होती. खाऱ्या पाण्याचा एक थेंब बारा ते अठरा वाढवी. मर्यादा पंचविसावर ठेवली तर थेंब अलीकडे राहतो आणि बोट पलीकडे जातं. ओलं फडकं फिरलं की तीन-चार बटणांचे आकडे एकदम उसळत. तेव्हा एकाच वेळी दोनपेक्षा जास्त बटणं वाढली तर एकही धरायचं नाही, असा नियम ऋचाने घातला. मग आला बोटांचा प्रश्न. नाखवांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला रांगेत उभं करून बोट टेकवायला लावलं. मालकांच्या बोटाला सव्वीसच आले.

“साहेब, तुमचं बोट कामाचं नाय.”

“अरे, मी मालक आहे!”

“तेच म्हनतो.”

ऑक्टोबर संपताना तो बोर्ड एका नव्या काट्याच्या पोटात बसला. गंगाबाईंना तयार करणं हे आकडे जुळवण्यापेक्षा अवघड गेलं. त्या आठवडाभर नाही म्हणत होत्या. शेवटी ऋचा घरी गेली, तिच्याकडून बोंबलाच्या कालवणाचं कौतुक झालं, आणि गंगाबाई म्हणाल्या, “बाय, तू सांगतेस म्हनून. एकदाच. परत लोकांनी हसायला नको मना.”

नोव्हेंबरचा पहिला बुधवार चाचणीसाठी ठरला. काटा चालू कसा करायचा, हे आदल्या संध्याकाळी नाखवांनी गंगाबाईंकडून चारदा करून घेतलं. बुधवारी नाखवा आणि ऋचा बाजारात पोचले, तेव्हा काटा चालू होता, पॅनेल स्वच्छ पुसलेलं होतं आणि आकडे लखलखत होते. पहिली दोन गिऱ्हाइकं पापलेटची होती; अख्खा मासा थेट काट्यावर, ताटली नाही, शून्य नाही. ऋचाने मोबाइलवर फोटो काढला. तिसरे आले काशिराम मास्तर.

मास्तरांना कोलंबी हवी होती. गंगाबाईंनी ताटली काट्यावर ठेवली. आकडा पडला चाळीस ग्रॅम. त्यांनी शून्यावर बोट टेकलं. चाळीस. पुन्हा टेकलं. चाळीस. हात पुसून, मग ओला करून, मग अंगठ्याने. नाखवांनी पुढे वाकून स्वतःचं बोट टेकवलं. आकडा हलला नाही.

“असू द्या, असू द्या,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खरोखर चांगल्या मनानेच पुढचं वाक्य उच्चारलं असावं. “आता ताटली वजा करायचं मला तोंडी येतं.”

पुन्हा माणसं हसली. गंगाबाईंनी मागचं मुख्य बटण बंद केलं, काटा उचलून खाली ठेवला आणि तागडी घेतली. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

गाळ्यावर आणून काटा चालू केला, तर शून्याचं बटण पहिल्या स्पर्शाला लागलं. शंभरदा टेकलं, शंभरदा लागलं. नाखवांनी तो बर्फावर ठेवला, उन्हात ठेवला, त्यावर अख्खी बाटली ओतली. दोष सापडेना. दोष सापडत नाही हे दुरुस्ती करणाऱ्याला दोषापेक्षा वाईट, कारण वस्तू परत द्यायची तर कशाच्या जोरावर? शुक्रवारी मालकांनी ऋचाला सांगितलं की छपाईचं काम मिठाईच्या काट्यांसाठी देऊन टाकू. बुधवारपर्यंत आराखडा पाठव.

सोमवारी बाजार थंड असतो, गंगाबाई दुपारी घरी असतात. नाखवा काटा आणि ऋचाचा लॅपटॉप घेऊन सुकापूरला आले, बरोबर ऋचाही होती.

“त्या दिवशी जे जे केलं, ते सगलं तसंच करून दाखव,” नाखवा म्हणाले.

“कशाला? परत हसायला?”

“मी हसनार नाय.”

“तुमी नाय ओ. लोकं.”

बऱ्याच विनवण्यांनंतर गंगाबाई उठल्या. पाट मांडला, पाटावर काटा ठेवला. मग मुख्य बटणाकडे हात न नेता त्या देवाच्या फळीकडे गेल्या आणि हळदीकुंकवाची डबी घेऊन आल्या. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि पॅनेलवर ठसठशीत बोट उमटवलं. नमस्कार केला. मग काटा चालू केला.

“हे काय?” नाखवांनी विचारलं.

“काय म्हंजे? नवी वस्तू हाय. तशीच चालू करू?”

“आणि बरोब्बर शून्यावर लावलंत,” ऋचा म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती.

“गोल हाय म्हनून. कुंकू काय तिरप्या रेघेवर लावनार? आनि गिऱ्हाईक यायच्या आत पुसून पन टाकला. कामाची वस्तू नटवून ठेवत नाय.”

पडद्यावर शून्याच्या बटणाचा मोकळा आकडा सहाशे अकरा होता. बोर्ड चालू झाला तेव्हा ओलं कुंकू त्यावर होतं. म्हणून कुंकवासकटची अवस्था म्हणजेच ‘कोणी हात लावलेला नाही’, असं तो समजून बसला होता. ऋचाने गंगाबाईंना पॅनेल पुसायला सांगितलं. आकडा पाचशे सत्तरवर उतरला. मग बोट टेकायला सांगितलं. सहाशे आठ. सहाशे अकराच्या अजूनही तीनने खाली. बोर्डाच्या लेखी बटणाला कोणी शिवलंच नव्हतं. गाळ्यावर काटा स्वच्छ पॅनेलनिशी पुन्हा चालू झाला होता, म्हणून तिथे दोष दिसत नव्हता.

नाखवा जमिनीवर बसले आणि दिलेलं वचन मोडून हसू लागले. गंगाबाईंचा चेहरा उतरला.

“म्हंजे चूक माझी?”

“नाय गं, तुझी नाय. माझी. मना वाटला, काटा मागच्या बटणानं चालू होतो.”

ऋचालाही हसू आवरेना, आणि मग गंगाबाई कुंकवाच्या डबीवर झाकण लावत म्हणाल्या, “तुमी दोगं शिकलेली मानसं. मना विचारला असता तर बुधवारीच सांगितला असता.”

दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. ऋचाने बोर्डाच्या नियमांत एक भर घातली: आकडा मोकळ्या आकड्याच्या खाली जाऊन सेकंदभर तिथेच राहिला, तर तोच नवा मोकळा आकडा धरायचा. तेवढ्याने काम भागलं असतं. नाखवांचं समाधान झालं नाही. नियमाने बोर्ड सावरेल, पण मधल्या त्या सेकंदात कोणी शून्यावर बोट टेकलं तर? त्यांनी बुधवारी पाठवायचा आराखडा घेतला, सगळी बटणं उजवीकडे सरकवली आणि डाव्या कोपऱ्यात, जिच्याखाली तांबं नाही अशी, एक गोल जागा आखली. मालकांनी ती कागदावर पाहिली.

“ही रिकामी जागा कसली?”

“कुंकवाची.”

“काय?”

ऋचाने आकडे समोर ठेवले. मालकांनी कागदावर फूटपट्टी धरली. पॅनेल एक सेंटिमीटरने रुंद होणार होतं. म्हणजे काट्याच्या खोक्यापासून सगळंच बदलणं भाग होतं.

“माझी बायकोसुद्धा नव्या मिक्सरला लावते,” ते शेवटी म्हणाले. “जगन, तिथे निदान कंपनीचं चिन्ह तरी छापू?”

“छापा, साहेब. पन फिकट छापा. वरून लाल येनार हाय.”

दुसऱ्या चाचणीला गंगाबाईंनी स्वतःची अट घातली: कारखान्यातलं कोणीही बाजारात दिसता कामा नये, नवरा तर नाहीच. ‘एकदाच’ हा शब्द त्यांनी मोडला होता आणि त्याची किंमत म्हणून एवढं मागण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरच्या त्या शनिवारी नाखवा गाळ्यावर बसून राहिले. त्यांच्याकडून त्या सकाळी एकही काटा दुरुस्त झाला नाही, असं ऋचा सांगते. एकाच काट्याचे स्क्रू ते काढत होते आणि लावत होते.

बाजारात काय झालं, ते पुढे मी गंगाबाईंकडूनच ऐकलं. मास्तर नवाच्या सुमारास आले. त्यांनी नव्या काट्याकडे पाहिलं आणि आपण होऊन तागडीकडे बोट दाखवलं. बाईला पुन्हा अडचणीत टाकू नये, असा त्यांचा हेतू होता. गंगाबाईंनी तागडी पायाने मागे सारली.

“मास्तर, हिकडं बगा. ही ताटली. चालीस हाय की नाय?”

“आहे.”

“बोट बगा. ओला हाय की नाय?”

“आहे बुवा.”

त्यांनी शून्यावर बोट टेकलं. काट्याने एक बारीक आवाज केला आणि चाळिसाच्या जागी शून्य आलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला, आणि आपल्यालाही एकदा करून बघू दे, म्हणाले. ताटली उचलली, पुन्हा ठेवली, वाळक्या बोटाने हलकेच शून्याला शिवले. शून्य. शेजारची भीमाबाई आली, तिने खवल्यांच्या हातानेच शिवून पाहिलं. मग आणखी दोघी आल्या. मास्तर कोलंबी घ्यायची विसरून आलेल्या प्रत्येकीला ताटलीचं वजन कसं वजा होतं ते समजावत उभे राहिले, तेव्हा गंगाबाई म्हणाल्या, “मास्तर, शाला सुटली. कोलंबी किती देऊ?”

“अर्धा किलो. आणि गंगाबाई, त्या मे महिन्यात मी जे बोललो—”

“अर्धा किलो,” गंगाबाई म्हणाल्या, आणि काट्यावर बरोबर पाचशे ग्रॅम घातली. वर मूठ घातली नाही. मास्तरांनीही मागितली नाही.

त्या संध्याकाळी नाखवा घरी आले तेव्हा तागडी धुऊन, पारडी एकात एक ठेवून, साखळ्या गुंडाळून माळ्यावर गेलेली होती. विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलंच, की लागलं का.

“लागला,” गंगाबाई म्हणाल्या. “आवाज जरा मोठा करा. बाजारात आयकू येत नाय.”

आवाज वाढवला गेला. गंगाबाई नाखवा यांनी तो काटा २०१८ सालच्या मे महिन्यापर्यंत वापरला.